सत्तावीस घरं आणि पुस्तकांची एक ट्रंक

गेल्या शनिवारी खडकीला ताईकडे गेलो होतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण. जिजू आर्मीत आहेत. त्यांची पोस्टिंग आली होती आणि "दिवसभर कीबोर्ड बडवून हात मऊ पडलेत तुझे, ये जरा चार ट्रंका उचलायला" असा मावशीमार्फत निरोप होता. गेलो तर दारापासूनच काळ्या लोखंडी ट्रंकांची रांग. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने जिजूंचं नाव, हुद्दा आणि 'कुठून - कुठे'. जुन्या ट्रंकांवर आधीच्या गावांची नावं काळ्या रंगाखाली गाडलेली, पण जरा तिरक्या उजेडात बघितलं की वाचता येतात. मी म्हटलं, ही तर व्हर्जन हिस्टरी झाली. कुणी हसलं नाही. असो.

आणि या पसाऱ्यात ताई कुठे? तर मागच्या व्हरांड्यात, गुंडाळलेल्या गादीला टेकून, पाय एका ट्रंकेवर टाकून, उशीएवढं जाड एक पेपरबॅक वाचत बसलेली. पडदे उतरवलेले, कपाटं उघडी, फ्रिज पुसून दोरीने बांधलेला. सोमवारी ट्रक येणार आणि मंगळवारी एमईएसचा माणूस येऊन पंखे-नळ-बल्ब मोजून घर ताब्यात घेणार.

"ताई, अगं आत्ता? आणि हे असलं टाइमपास?"

तिने मान वर केली नाही. "हे जिने लिहिलंय ना, तिने एकोणीस वर्षांत सत्तावीस घरं बदललीत. तू एक बदलून दाखव, मग बोल."

आता माझ्यासारखा माणूस, जो बाणेरचा फ्लॅट सोडून वाकडला जायचं म्हटलं तर तीन विकांत रडतो, तो यावर काय बोलणार? पण सत्तावीस हा आकडा डोक्यात बसला. रात्री घरी येऊन शोधत बसलो, आणि मग आख्खा आठवडा त्यातच गेला.

पुस्तक होतं 'द फार पॅव्हिलियन्स'. लेखिका एम. एम. के. म्हणजे मेरी मार्गारेट के, घरच्यांची मॉली. जन्म १९०८ चा, सिमल्याचा. वडील सर सेसिल के ब्रिटिश हिंदुस्थानच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख. आजोबांचा चुलतभाऊ सर जॉन विल्यम के, ज्याने १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिला आणि जो पुढे कितीतरी वर्षं इंग्रजांचा प्रमाणग्रंथ होता. म्हणजे राज्यकर्त्यांच्या घरातली मुलगी. उन्हाळा सिमल्याला, हिवाळा दिल्लीला. नोकरचाकरांच्या संगतीत हिंदुस्थानी बोलायला शिकलेली. आणि मग साधारण दहाव्या वर्षी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, बोटीत बसवून इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत रवाना. ज्या देशाला 'घर' म्हणायचं असं तिला सांगितलं गेलं, तो तिने धड पाहिलाही नव्हता. पहिलं घर सुटलं ते असं.

इथे जरा थांबून त्या काळच्या हलवाहलवीबद्दल सांगायलाच हवं, कारण ते वाचताना मला ताईच्या व्हरांड्यातला पसारा एकदम सुटसुटीत वाटायला लागला.

फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन बायकांनी १८८८ साली हिंदुस्थानात संसार थाटणाऱ्या इंग्रज बायकांसाठी एक पुस्तक लिहिलं, 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक'. आपल्याकडच्या 'रुचिरा'सारखं घरोघरी, फक्त त्यात घोड्याच्या खुराकापासून खानसाम्याच्या हिशेबापर्यंत सगळं. त्यात उन्हाळ्यासाठी डोंगरावर जाताना सामान कसं बांधायचं याची यादी आहे. एक बाई, तीन-चार मुलं आणि एक इंग्रज आया, एवढ्या कुटुंबाला लागणारं सामान: अकरा उंट. अकरा! पहिल्या उंटावर काय, दुसऱ्यावर काय, असं सगळं वाटून दिलेलं. कपडे, चांदीची भांडी, टोपीचा डबा, खाण्यापिण्याच्या पेट्या. आणि तिसऱ्या उंटावर, चक्क, पुस्तकांच्या तीन पेट्या. म्हणजे लोड बॅलन्सिंगचा पहिला मान कपड्यालत्त्याला आणि लगेच दुसरा पुस्तकांना. पियानो न्यायचा असेल तर त्याला वेगळे हमाल. (त्या हमालांनी काय म्हटलं असेल ते मात्र कुठल्याच हाउसकीपिंगच्या पुस्तकात नाही.)

लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकांचं तर अजून कठीण. पलटण हलली की घर हलणार. त्यामुळे फर्निचर एक तर घडीचं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेलं, किंवा मग जाताना लिलावात काढायचं आणि नव्या गावी दुसऱ्या कुणाच्या लिलावातून घ्यायचं. त्याच खुर्च्या, फक्त बसणारे बदलत राहायचे. मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारी 'आर्मी अँड नेव्ही'ची इमारत आहे ना, ते याच गिऱ्हाइकांसाठी १८९१ मध्ये उघडलेलं दुकान. आपण त्या फुटपाथवरून शंभरदा गेलेलो असतो, मान वर करून नाव वाचत नाही.

तर मॉली. शाळा संपवून ती विशीच्या आत हिंदुस्थानात परतली. मधे काही वर्षं आईवडिलांबरोबर चीनमध्ये राहिली. १९३५ मध्ये वडील गेले आणि ती लंडनला एका छोट्या खोलीत चित्रं काढून, मुलांची पुस्तकं लिहून कशीबशी राहू लागली. आणि इथे माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. तो म्हणजे भाड्याची पुस्तकं.

त्या वेळी लंडनमध्ये चार पेन्सला पुस्तक घरी नेऊ देणारी वाचनालयं होती. तंबाखूच्या, कागदाच्या दुकानात मागच्या बाजूला दोन फळ्या, त्यावर खून-मारामाऱ्या, गुप्तहेर, प्रेमकथा. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी सर्क्युलेटिंग लायब्ररी असायची तसंच अगदी. माझ्या आजोबांनी बाबुराव अर्नाळकर आणि वडिलांनी गुरुनाथ नाईक असेच आणून वाचले, आणि दोघांनीही ते वाचतो हे पाहुण्यांसमोर कधी कबूल केलं नाही. मॉली ही पुस्तकं खंडीने आणायची आणि फडशा पाडायची. मग एक दिवस तिला वाटलं की यातली बरीचशी इतकी रद्दी आहेत, की यापेक्षा वाईट तर आपल्यालाही लिहिता येणार नाही. मला हे कारण फार आवडलं. माझे निम्मे मित्र प्रोग्रॅमिंगमध्ये याच कारणाने आलेत.

१९४० मध्ये तिची 'सिक्स बार्स ॲट सेव्हन' नावाची रहस्यकथा छापून आली. मिळाले चौसष्ट पौंड. शहाण्या माणसाने युद्धाच्या काळात ते जपून ठेवले असते. हिने त्या पैशांत सिमल्याचा रस्ता धरला. म्हणजे चार-चार पेन्स देऊन ज्या पुस्तकांत ती पळून जात होती, त्याच जातीच्या एका पुस्तकाने तिला खरोखरच परत पोचवलं.

१९४१ मध्ये तिला गॉफ हॅमिल्टन भेटला. तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि गाइड्स या पलटणीतला अधिकारी. ही पलटण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने ती उभी केली, आणि लाल डगले टाकून मातकट रंगाचे कपडे पहिल्यांदा घातले ते यांनी. आपला 'खाकी' हा शब्द जगाच्या लष्करात पोचला तो या लोकांमुळे. गॉफचं आधी लग्न झालेलं होतं, बायको आणि मुलगी आयर्लंडमध्ये. युद्ध चालू, घटस्फोट अडकलेला. दोघं थांबले नाहीत. रीतसर लग्न झालं ते १९४५ मध्ये, तोवर एक मूल झालेलं आणि दुसरं वाटेवर. सिमल्याच्या क्लबात काय काय कुजबूज झाली असेल ते सांगायला नकोच.

आणि मग १९४७. आपल्यासाठी त्या वर्षाचा अर्थ एकच. तिच्यासाठी त्याचा अर्थ असा, की जन्मगाव सिमला एका देशात गेलं आणि नवऱ्याच्या पलटणीचं घर, मर्दान, दुसऱ्या देशात. गाइड्स पाकिस्तानच्या वाट्याला आले. गॉफची बदली ब्रिटिश लष्करात झाली, आणि तिथून सुरू झालं ते चक्र: एकोणीस वर्षांत सत्तावीस वेळा घर हलवणं. मी कॅल्क्युलेटर न घेताच हिशेब केला. सरासरी साडेआठ महिने. आमच्या कंपनीत यापेक्षा जास्त दिवस तर बेंचवर बसलेले लोक आहेत.

साडेआठ महिन्यांत काय होतं? मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "पहिले दोन महिने पेट्या उघडण्यात. मग एक महिना वाटतं आता इथे रुळलो. मग कुंडीत लावलेलं उगवायला लागतं. आणि मग कुणीतरी पार्टीत येऊन म्हणतं, ऐकलंत का, तुमची पोस्टिंग येतेय म्हणे." ताईची आत्तापर्यंत तेरा वर्षांत नऊ घरं झालीत. ती मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. प्रत्येक गावात कुठल्याशा शाळेत शिक्षिका म्हणून नव्याने लागते, आणि नव्याने लागते म्हणजे दरवेळी सगळ्यात ज्युनियर. गेल्या वर्षी माझं प्रमोशन झालं तेव्हा तिने फोनवर मनापासून अभिनंदन केलं आणि मग सहज विचारलं, "म्हणजे आता तुझी मागची सगळी वर्षं धरतात का रे?" मी हो म्हणालो. त्या प्रश्नात काय होतं ते मला आत्ता, हे लिहिताना कळतंय.

मॉलीने या सत्तावीस घरांचं काय केलं? तिने प्रत्येक मुक्कामी एकेक खून पाडला. कागदावर, अर्थात! 'डेथ वॉक्ड इन काश्मीर' १९५३ मध्ये. गुलमर्गचा बर्फ, श्रीनगरच्या हाउसबोटी, १९४७ चा शेवटचा इंग्रजी मोसम, आणि एका स्कीइंग करणाऱ्या बाईचं प्रेत. मग बर्लिन १९५५ मध्ये: अजून भिंत न झालेलं, पण बॉम्बने निम्मं पडलेलं शहर, आणि त्यात राहायला आलेली ब्रिटिश लष्करी कुटुंबं. मग सायप्रस. मग माऊ माऊच्या बंडानंतरचं केनिया. मग झांजिबार. १९६० मध्ये अंदमान, जिथे ती युद्धाच्या आधी पाहुणी म्हणून गेली होती. पुढे १९८० च्या दशकात ही सगळी 'डेथ इन' अमुक 'डेथ इन' तमुक अशा नावांनी पुन्हा छापली गेली, आणि रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर आपण बघायचो ती हीच.

मी यातली दोन वाचली. खरं सांगतो, खुनी कोण हे निम्म्यातच कळतं. नायिका सुंदर आणि जरा बावळट, नायक उंच आणि जरा उद्धट. पण घरं! कुठल्या खिडकीतून कधी ऊन येतं, व्हरांड्यातल्या मण्यांच्या पडद्याचा आवाज कसा होतो, कुठल्या जिन्याची कितवी पायरी करकरते, हे इतकं नेमकं लिहिलंय की नकाशा काढता यावा. प्लॉट ढिला आणि पत्ता पक्का. रहस्यकथेला हे उलटंच आहे. पण मला वाटतं तिला खुनाशी फारसं कर्तव्य नव्हतंच. खून हा सबब होता. तिला ते घर कुठेतरी मांडून ठेवायचं होतं, जिथून ते कुणी मोजून ताब्यात घेणार नाही.

या अंदाजाला एक आधार आहे. म्हातारपणी तिने आत्मचरित्राचे तीन चांगले जाड खंड लिहिले. सिमला, दिल्ली, चीन, सगळं त्यात आहे. पण ते लग्नानंतरच्या संसारापर्यंत पोचतच नाहीत. सत्तावीस घरांचा हिशेब त्या तीन खंडांत नाही. तो असेल तर या चार आणेवाल्या रहस्यकथांतच आहे.

आता थोडं कडू. (हे अवांतर नाही.)

तिचे प्रकाशकांशी व्यवहार बघणारा एजंट होता पॉल स्कॉट. हो, तोच, 'राज क्वार्टेट'वाला. स्वतः लेखक म्हणून नाव व्हायच्या आधी तो एजंटगिरी करायचा. त्याने तिला हिंदुस्थानवर मोठी कादंबरी लिहायला प्रोत्साहन दिलं आणि १९५७ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, 'शॅडो ऑफ द मून' आली. विषय १८५७. प्रकाशकाने त्यातलं लष्करी-राजकीय बरंच कापून प्रेमकथा तेवढी ठेवली, आणि संपूर्ण पुस्तक छापलं गेलं १९७९ मध्ये.

ही मी ताईकडूनच आणून वाचली आणि वाचताना अस्वस्थ झालो. आपण १८५७ वाचलेलं असतं ते विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मधून. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक चार पैसे मिळतील म्हणून उत्तरेत जातो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो. त्याला राजकारण नकोय, त्याला गंगेचं पाणी घेऊन घरी जायचंय. किंवा मग आपण वाचलेलं असतं सावरकरांचं, जे १९०९ मध्ये छापून व्हायच्या आधीच इंग्रजांनी बंदी घातलेलं. आणि आता हे तिसरं, जिथे गोऱ्या बाया जंगलात लपल्यात आणि आपण त्यांच्या बाजूने श्वास रोखून वाचतोय! मॉली प्रामाणिक आहे. कंपनी सरकारचा माज, मूर्खपणा ती लपवत नाही. पण कॅमेरा कुठे ठेवलाय यावर शेवटी सगळं असतं, आणि तिचा कॅमेरा बंगल्याच्या आत आहे.

अंदमानचं तर विचारूच नका. तिची कथा घडते रॉस बेटावर. चीफ कमिशनरचा बंगला, नाचगाणी, पिकनिक, वादळ. समोर पाण्यापलीकडे पोर्ट ब्लेअर, आणि तिथे सेल्युलर जेल. ज्या जेलमध्ये सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं काढली आणि ज्याची हकिकत 'माझी जन्मठेप' म्हणून आपल्या घराघरात आहे. एकच समुद्र, एकच वारा. एका किनाऱ्यावर कोलू आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नाताळची पार्टी. मराठी माणसाने ते पुस्तक निव्वळ सुट्टीतलं वाचन म्हणून कसं वाचायचं?

हे सगळं मी ताईला तावातावाने ऐकवलं. बुधवारी, फोनवर. ती तेव्हा मावशीकडे मुक्कामाला होती, सामान पुढे गेलेलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मला पण राग येतो. पण ती ट्रंका भरताना लिहिते ना, तेव्हा मला ती कळते. बाकी वेळी नाही कळत." आणि थोड्या वेळाने, "आणि तू जे एस्केपिस्ट एस्केपिस्ट म्हणतोस ना, पळून जायला आधी एका जागी असावं लागतं रे. आम्ही एरवी पळतच असतो. पुस्तकात जरा बसतो."

यावर मी वाद घातला नाही. तिचंही पूर्ण पटलंय असं नाही, पण निदान माझा 'टाइमपास' हा शब्द मी मागे घेतला.

'द फार पॅव्हिलियन्स'बद्दल राहिलंच. १९६० च्या दशकात ती हे लिहायला बसली आणि मधेच फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचार, अशक्तपणा, पुन्हा लिहिणं. दहाहून अधिक वर्षं लागली. १९७८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. त्याच वर्षी मार्चमध्ये पॉल स्कॉट वारला. त्याला आदल्या वर्षीच बुकर मिळालं होतं, 'स्टेइंग ऑन'साठी. गंमत बघा, ती कादंबरीही लष्करी बायकोचीच आहे. कर्नल नवऱ्यामागे जन्मभर फिरलेली ल्यूसी, जी १९४७ नंतरही इथेच राहून जाते. एका एजंटने आणि त्याच्या लेखिकेने, वर्षभराच्या अंतराने, एकाच बाईच्या दोन गोष्टी सांगितल्या. एकीला कधी जाताच आलं नाही, एकीला कधी थांबता आलं नाही.

'फार पॅव्हिलियन्स'चा नायक ॲश हा इंग्रज मुलगा, पण आईवेगळा होऊन हिंदू म्हणून वाढलेला. मोठा होऊन तो गाइड्समध्ये अधिकारी होतो. म्हणजे पुन्हा तेच मर्दान, नवऱ्याची पलटण, जी आता तिच्यासाठी नकाशावरही उरलेली नव्हती. गोरे त्याला आपला म्हणत नाहीत, काळे म्हणत नाहीत. राजकन्या आहे, सती जाण्याचा प्रसंग आहे, हत्ती-घोड्यांची भलीमोठी वरात आहे. मसाला भरपूर. पण शेवटी कथा काबूलला जाते, आणि तिथे मसाला संपतो. ३ सप्टेंबर १८७९. काबूलच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा आत कॅव्हानेरी आणि गाइड्सचे पाऊणशेच्या आसपास शिपाई. एकेक करून सगळे इंग्रज अधिकारी पडले. मग उरलेल्या हिंदी शिपायांना सांगण्यात आलं, तुमचं आमच्याशी भांडण नाही, शस्त्रं टाका आणि जा. जमादार जीवंद सिंग आणि त्याचे सोबती शस्त्रं न टाकता बाहेर पडले आणि लढून मेले. हे कादंबरीतलं नाही, इतिहासातलं आहे. कुणासाठी मेले, का मेले, यावर मी दोन रात्री विचार केला. मिठाला जागले म्हणावं तर ते मीठ कुणाचं होतं? मॉली हा प्रश्न विचारत नाही. ती फक्त ते दार उघडताना दाखवते.

पुस्तक लाखोंनी खपलं. १९८४ मध्ये त्याची टीव्ही मालिका झाली, राजस्थानात चित्रीकरण, त्यात आपला अमरीश पुरीसुद्धा. १९८५ मध्ये गॉफ गेला, मेजर जनरल होऊन निवृत्त झालेला. ती २००४ मध्ये इंग्लंडातल्या लॅव्हनहॅम गावी गेली, पंचाण्णव वर्षांची होऊन. आणि मग, ४ मार्च २००६ ला, तिची रक्षा उदयपूरला आणून पिचोला तलावाच्या मध्यावर सोडण्यात आली. सूर्यास्ताच्या वेळी. हे अठ्ठाविसावं धरायचं का?

ताईचं यंदा जरा वेगळं आहे. जिजूंची पोस्टिंग फील्डला आहे, तिथे कुटुंब नेता येत नाही. ती आणि भाचा डेहराडूनला राहणार, जिजू वर. भाच्याची ही चौथी शाळा. ट्रंकांवर पहिल्यांदाच जिजूंच्या नावाखाली दोन वेगळी गावं रंगवली गेली. काही ट्रंकांवर एक, काहींवर दुसरं. रंगवत मीच होतो, स्टेन्सिल धरून. कुठल्या ट्रंकेवर काय लिहायचं हे ताई व्हरांड्यातून सांगत होती, आवाज अगदी नेहमीचा.

मी तिला हौसेने सगळ्या सामानाची एक्सेल शीट करून दिली होती. ट्रंक नंबर, वस्तू, नग, वजन, वर फिल्टर वगैरे. तिने कौतुक केलं आणि स्वतःची जुनी वही वापरली. त्या वहीत एक नोंद प्रत्येक बदलीला आहे: पुस्तकांची ट्रंक सगळ्यात शेवटी बंद करायची, ट्रकमध्ये दाराजवळ ठेवायची, म्हणजे नव्या घरी आधी उतरते. आणि एक पुस्तक अर्धं वाचून बाहेर ठेवायचं. पूर्ण करायचं नाही. नव्या घरात पहिल्या रात्री पंख्याचा आवाज वेगळा असतो, दिव्याची बटणं सापडत नाहीत. तेव्हा निदान पान नंबर तरी ओळखीचा हवा, म्हणते.

काल रात्री तिचा फोन आला. पोचली. पाणी सकाळी सहा ते आठ येतं, शेजारीण तेलुगू आहे आणि पहिल्याच दिवशी डबा घेऊन आली, फ्रिजला एक पोचा पडलाय. जिजूंशी बोलणं झालं, लाइन खराब होती.

"आणि पुस्तक?"

"पाचशे बारा," ती म्हणाली. "थांब, भाचा दिवा लावून देत नाहीये. ठेवते."